बातमीच्या आधीची दीडशे वर्षे : खानदेशातील विस्थापित आणि वृत्तपत्रे

विस्थापित लोकांविषयी छापून येणाऱ्या बातमीत आजचा प्रसंग आणि आजचा आकडा या दोन गोष्टी बहुधा असतात. या लोकांची जमीन पूर्वी कोठे होती, ती कोणत्या साली आणि कोणत्या कायद्याने गेली, ती गेल्यावर तिच्यावर कोण आले आणि आज ज्या ठिकाणी हे लोक उभे आहेत तेथे ते कसे पोहोचले, ही माहिती मात्र क्वचितच आढळते. हा दोष केवळ अपुऱ्या माहितीचा नाही. बातमी ज्या तारखेपासून सुरू होते त्या तारखेपासूनच वाचक अन्यायाचे मोजमाप करू लागतो, आणि त्या तारखेपूर्वी जे घडले ते जणू घडलेच नाही असे मानून शासन, न्यायालय आणि शेजारी समाज यांचेही मत बनत जाते. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संदर्भात हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. परंतु जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेला नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशात, भिल्ल आणि पावरा या आदिवासी समाजांच्या बाबतीत तो तितक्याच तीव्रतेने उभा आहे.

पॅलेस्टाईनचे उदाहरण येथे थोडक्यात पाहणे उपयोगी ठरेल. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात आणि त्याच्या आगेमागे सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरबांना आपली गावे आणि शहरे सोडावी लागली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९४ क्रमांकाच्या ठरावाद्वारे, जे शांततेने राहू इच्छितात त्यांना घरी परतू द्यावे असे म्हटले, आणि १९५० पासून त्यांच्या मदतीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाची स्वतंत्र संस्था काम करू लागली. गाझा पट्टीतील बहुसंख्य रहिवासी हे त्या १९४८ च्या निर्वासितांपैकी किंवा त्यांच्या वंशजांपैकी आहेत. ग्लासगो विद्यापीठातील ग्रेग फिलो आणि माइक बेरी यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या बातम्यांचा आणि त्या पाहणाऱ्या प्रेक्षकांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, या संघर्षाचा उगम आणि निर्वासितांचा इतिहास बातम्यांत जवळपास येतच नव्हता, आणि म्हणूनच नियमित बातम्या पाहणाऱ्या अनेकांना व्याप्त प्रदेश कोणी व्यापला आहे हेदेखील नीट सांगता येत नव्हते. युरोपात ज्यूंवर झालेल्या अत्याचारांचा इतिहास जसा त्या भूमीच्या कथेतून वगळता येत नाही, तसाच १९४८ चा हा इतिहासही वगळता येत नाही. तो वगळला की छावणीत राहणारा माणूस जणू छावणीतच उगवला असे चित्र तयार होते.

निर्वासित आणि विस्थापित यांत आंतरराष्ट्रीय कायदा फरक करतो. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित म्हणजे छळाच्या सार्थ भीतीमुळे स्वदेशाच्या सीमेबाहेर गेलेली आणि परत जाऊ न शकणारी व्यक्ती. जो स्वतःच्या देशातच जमिनीवरून उठवला जातो तो या व्याख्येत बसत नाही आणि त्याला देशांतर्गत विस्थापित म्हटले जाते. खानदेशात हे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेली कुटुंबे जळगावात वसली आणि शहरातील सिंधी कॉलनी ही त्यांची ठळक खूण आहे. या समाजाविषयी आजही काही लिहिले गेले तर फाळणीचा उल्लेख टाळला जात नाही, आणि तो टाळला जाऊ नये हेच योग्य. कारण त्या एका सालामुळे वाचकाला त्या कुटुंबांनी काय गमावले आणि कोणत्या कष्टाने पुन्हा उभे केले हे लगेच उमगते. सातपुड्याच्या पायथ्याशी मजुरीवर जगणाऱ्या भिल्ल कुटुंबाच्या वाट्याला मात्र असे एकही साल आलेले नाही. त्याची जमीन एका रात्रीत गेली नाही, ती दीडशे वर्षांत तुकड्यातुकड्याने गेली, आणि तुकड्यातुकड्याने घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

या दीडशे वर्षांची सुरुवात इंग्रजांपासून मोजण्याची प्रथा आहे, परंतु पेशवाईच्या अखेरचा काळ त्यातून सुटता कामा नये. खानदेशच्या डोंगरकडांवरील भिल्ल नाईक हे घाट, वाटा आणि गावे राखण्याचे काम करीत आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. १८०३-०४ च्या सुमारास होळकरी स्वाऱ्या आणि दुष्काळ यांत हा प्रदेश उजाड झाला, हक्क बुडाले आणि जे कालपर्यंत रखवालदार होते तेच लुटारू ठरले. कोपरगाव येथे पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची कत्तल केल्याची नोंद याच काळातील आहे. १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे प्रदेशाची व्यवस्था सोपवली गेली, आणि लष्करी मोहिमा व नाईकांना बंद पडलेले हक्क पुन्हा देणे अशा दोन्ही मार्गांनी बंदोबस्त सुरू झाला. केवळ बळाने हे साधत नाही असे दिसल्यावर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या खास कचेऱ्या, स्थापन झाल्या. लेफ्टनंट जेम्स औट्रम याने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे मुख्य ठाणे जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे होते. ज्यांना पलटणीत घेता आले नाही त्यांना तगाई, म्हणजे बी-बैलांसाठी सरकारी कर्ज, देऊन मैदानात शेतीवर बसवण्याचे प्रयत्नही याच एजन्सींनी केले. याचा सरळ अर्थ असा की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खुद्द सरकारच भिल्लांना शेतकरी म्हणून जमिनीवर वसवत होते आणि तशी नोंद ठेवत होते. भिल्ल हा मुळातच जंगलात फिरणारा, जमिनीशी संबंध नसलेला माणूस होता, या आजही ऐकू येणाऱ्या समजुतीला या नोंदी उत्तर देतात.

पुढे काय झाले हे समजण्यासाठी महसूल आणि कापूस यांचा इतिहास पाहावा लागतो. जमिनीची मोजणी करून प्रत्येक शेताचा आकार ठरवण्याच्या सरकारी पद्धतीला १८५२ मध्ये खानदेशातील शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोठी अशांतता माजली; ती मोडून काढल्यावर मोजणी पुढे गेली आणि रोख पैशात सारा भरणारा कागदोपत्री खातेदार हाच जमिनीचा खरा धनी ठरला. १८५७ मध्ये सेंधवा घाटाच्या रखवालीची नोकरी केलेला खाज्या नाईक आणि त्याचा साथीदार भीमा नाईक यांनी उठाव केला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे इंग्रजी फौजेने भिल्लांचा पराभव करून पकडलेल्या कित्येकांना जागीच गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अभूतपूर्व भाव आला, त्याच सुमारास लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीला अशी किंमत आली की ती कसण्यासाठी दूरदूरच्या कष्टाळू शेतकरी जाती पश्चिम खानदेशात येऊन वसू लागल्या. या शेतकऱ्यांच्या मेहनतीने शहादा आणि तळोदा तालुके समृद्ध झाले हे खरेच आहे. पण सारा रोखीने भरण्याची सवय नसलेला, कागद न वाचता येणारा आणि सावकाराच्या दिवाणी दाव्यापुढे निरुत्तर असलेला भिल्ल खातेदार त्याच काळात आपल्याच शेतावर सालदार झाला, हेही तितकेच खरे आहे. सालदारी म्हणजे वर्षभरासाठी ठरलेल्या धान्यावर व रकमेवर मालकाकडे राबण्याचा करार. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलतात, आणि आगाऊ उचल फिटली नाही तर पुढची आखाजीही त्याच मालकाकडे जाते. जमीन गेल्याची बातमी कोठेही आली नसेल, परंतु पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही सालदारी हाच त्या घटनेचा चालता दस्तऐवज होता.

मैदानातील जमीन अशी गेली, तर डोंगरातील जमीन वनकायद्याने गेली. १८६५ आणि विशेषतः १८७८ च्या भारतीय वन कायद्याने सरकारला विस्तीर्ण क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. राखीव वन म्हणजे असे क्षेत्र की जेथे स्पष्टपणे मान्य केलेले हक्क वगळता बाकी सर्व वापर, मग तो शेतीचा असो, चराईचा असो वा मोहाची फुले वेचण्याचा, गुन्हा ठरतो. कायद्यात हक्कांची चौकशी करण्याची तरतूद होती, पण ज्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांची वहिवाट कोणत्याच दप्तरात नोंदलेली नव्हती त्यांचे हक्क या चौकशीत कसे टिकणार होते? १९२७ च्या कायद्याने हीच व्यवस्था स्वतंत्र भारताच्या हवाली केली. अक्राणी आणि अक्कलकुवा भागातील वनग्रामांचा प्रश्न त्यातून निर्माण झाला. वनग्राम म्हणजे वनखात्याच्या जमिनीवरील वस्ती, जेथील रहिवाशाच्या हाती सातबारा नसतो. म्हणजे गाव आहे, घर आहे, शेत आहे, आणि तरीही कागदावर माणूस अतिक्रमणदार आहे.

विसाव्या शतकात या समाजाने स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा एक मोठा प्रयत्न केला. तळोदे तालुक्यातील गुलाम महाराज यांच्या नेतृत्वाखाली १९३७-३८ मध्ये हजारो भिल्ल दारू सोडून, स्वच्छतेचे नियम पाळून, एकमेकांना ‘आप’ असे आदराने संबोधू लागले. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. त्याच १९३८ मध्ये अमळनेरहून सानेगुरुजींनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले, ज्यात शेतकरी आणि कामगारांच्या प्रश्नांना जागा होती. खानदेशच्या पत्रकारितेला दीनदुबळ्यांच्या बाजूने उभे राहण्याची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

२ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे घडलेला प्रसंग हा बातमी आणि इतिहास यांच्यातील अंतराचा नमुना म्हणून पाहता येतो. दुष्काळाच्या दिवसांत धान्य मागण्यासाठी जमलेल्या आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूने गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात प्राणहानी झाली. त्या दिवसापुरतेच पाहिले तर ही जमाव आणि मालक यांच्यातील चकमक होती, आणि जमावाने लूट केली की धान्य मागितले एवढाच वाद उरत होता. ज्या शेतांच्या कोठारांसमोर हे लोक उभे होते त्यांपैकी बरीच शेते दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोणाच्या नावावर होती, हा प्रश्न मात्र चळवळीने विचारला. अंबरसिंग सुरतवंती हे त्याच समाजातून पुढे आलेले कार्यकर्ते, काही सर्वोदयी कार्यकर्ते आणि पुण्या-मुंबईहून आलेले तरुण यांनी गावोगावचे जमिनीचे उतारे काढले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वाचणे ही या चळवळीची खरी कमाई म्हणावी लागेल. जे काम इतिहासकाराने आणि वार्ताहराने करायचे ते निरक्षर शेतमजुरांच्या संघटनेने केले.

त्यातूनच महाराष्ट्र शासनाला अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा कायदा करावा लागला, जो १९७५ मध्ये अमलात आला. हा कायदा पुरोगामी होता यात शंका नाही, परंतु त्याने परतफेडीसाठी १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणेच विचारात घेतली. कापसाच्या तेजीत, सावकारी दाव्यांत आणि त्यानंतरच्या शतकभरात गेलेली जमीन या कक्षेच्या बाहेर राहिली. कायद्याला कोठेतरी सीमारेषा आखावी लागते हे समजण्यासारखे आहे. पण वृत्तपत्रांनीही ती रेषा इतिहासाची सीमा म्हणून स्वीकारली आणि १९५७ पूर्वीचा प्रश्न हा प्रश्नच नाही असे वातावरण तयार झाले.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या वेळी हीच उणीव अधिक मोठ्या प्रमाणावर दिसली. १९७९ च्या नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या निवाड्यानंतर महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली येणार हे निश्चित झाले. ही सर्व गावे तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली, मणिबेली हे बुडिताचे पहिले गाव म्हणून देशभर माहीत झाले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये चिंचखेडी येथील पोलिस गोळीबारात एका आदिवासी मुलाचा मृत्यू झाला. या काळात वृत्तपत्रांनी आंदोलनाला भरपूर जागा दिली, हे अमान्य करता येणार नाही. परंतु ही जागा प्रामुख्याने दोन चौकटींत विभागलेली होती. एका चौकटीत विकास विरुद्ध पर्यावरण असा वाद होता, तर दुसऱ्या चौकटीत पाण्यात उभे राहिलेल्या सत्याग्रहींची छायाचित्रे आणि नेत्यांची वक्तव्ये होती. जमिनीच्या नोंदीचा इतिहास दोन्हींपैकी कोठेच बसत नव्हता. तो महत्त्वाचा अशासाठी होता की, निवाड्याप्रमाणे पर्यायी जमीन मिळण्याचा हक्क मुख्यतः खातेदाराला होता. ज्याचे शेत वनखात्याच्या हद्दीत पडत होते त्याला पिढ्यान्‌पिढ्या कसूनही आपण खातेदार असल्याचे सिद्ध करता येत नव्हते.

तळोद्याचा प्रसंग याहून अधिक बोलका आहे. १९९० मध्ये धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी तळोदे भागातील सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली, आणि त्यातील काही जमिनीवर आधीपासूनच दुसरे आदिवासी शेती करीत असल्यामुळे दोन गटांत तणाव निर्माण झाला. जे उठवून आणले गेले तेही आदिवासी आणि ज्यांना उठवून जागा करायची तेही आदिवासीच. आदिवासींचे आपापसातील भांडण असे याचे वर्णन करणे फार सोपे होते. तळोद्याच्या जंगलात जमीन फोडणारी ही माणसे मैदानातील आपली जमीन गमावूनच डोंगराकडे सरकली होती काय, आणि १८७८ नंतर त्या जंगलातील कोणाची वहिवाट नाकारली गेली, हे दोन प्रश्न विचारले की भांडणाचे स्वरूप बदलते: एका शतकातील विस्थापितांच्या जागेवर दुसऱ्या शतकातील विस्थापितांना बसवले जात होते. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये दिलेल्या अहवालात या अतिक्रमणदार ठरवल्या गेलेल्या लोकांचा इतिहास विस्ताराने तपासला. कॅनडातून आलेल्या बर्जर यांच्यासारख्या माजी न्यायाधीशाला जे वर्षभरात जाणून घ्यावेसे वाटले, ते धुळे-जळगावच्या वृत्तपत्रांच्या पानांवर अनेक वर्षे अनुपस्थित राहिले ही खेदाची बाब आहे.

संघर्षाच्या बातम्या सोडून उत्सवाकडे वळले तरी चित्र फारसे बदलत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात, मोरपिसांचे टोप आणि कमरेच्या घुंगरांचे रंगीत तपशील दिले जातात. काठी हे मेहवासी संस्थानांपैकी एक होते, म्हणजे स्वतःचे प्रमुख, स्वतःचे अधिकार आणि इंग्रज सरकारशी स्वतंत्र राजकीय संबंध असलेले आदिवासी संस्थान होते, आणि होळीचा राजवाडी मान त्या सत्तेतून आलेला आहे, हे एका वाक्यात सांगता येण्यासारखे असते. ते सांगितले नाही की एका राजकीय समाजाचे रूपांतर नृत्य करणाऱ्या समूहात होते.

ही उणीव कोणा एका पत्राची किंवा वार्ताहराची नाही. तालुक्याच्या वार्ताहराला थोड्या मानधनात रोज बातमी द्यावी लागते. त्याचे स्रोत पोलिस ठाणे, तहसील कचेरी आणि पुढाऱ्यांची पत्रके हे असतात, आणि हे तिन्ही स्रोत आजच्या प्रसंगापलीकडे जात नाहीत. शिवाय आदिवासी गावांतून वाचक थोडे आणि जाहिराती त्याहून थोड्या असल्यामुळे वृत्तपत्राच्या पानांचा विचार मैदानातील वाचकाच्या नजरेने होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या नेतृत्वाखाली खानदेशातील आदिवासी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानावर चालत गेले, तेव्हा वनहक्काचे दावे प्रलंबित असल्याचे छापून आले; पण हे दावे ज्या कायद्याखाली होते त्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच, वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असे संसदेने मान्य केले आहे, याची वाचकाला आठवण करून देण्याची गरज फार थोड्यांना वाटली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेल्या दाव्यांच्या संदर्भात वनजमिनीवरून लोकांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली, तेव्हाही अतिक्रमण हटणार की नाही एवढ्यावरच पुष्कळशी चर्चा थांबली.

या परिस्थितीत सुधारणा करण्यासाठी नव्या उत्खननाची आवश्यकता नाही. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये भिल्ल एजन्सी, १८५२ ची अशांतता आणि वनव्यवस्था यांची सविस्तर माहिती आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था १९२७ पासून उभी आहे. गावोगावचे फेरफार तहसील कचेऱ्यांत उपलब्ध आहेत, आणि चळवळीत काम केलेली अनेक माणसे आजही हयात आहेत. खानदेशातील वृत्तपत्रांनी वनजमिनीच्या, पुनर्वसनाच्या किंवा आदिवासी मोर्चाच्या प्रत्येक बातमीसोबत त्या गावच्या जमिनीचा इतिहास निदान चार ओळींत द्यावा, वाचकांनी तो मागावा, आणि विद्यापीठ व महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी तालुकावार अशी टिपणे तयार करून वार्ताहरांच्या हाती द्यावीत. गाझातील निर्वासितांच्या बातमीत १९४८ हे साल असावे अशी अपेक्षा करणाऱ्या वाचकाने तळोद्याच्या बातमीत १८७८ आणि १९५७ ही साले मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे.